नव्वद दिवस, आवश्यकतेनुसार

४ जानेवारी, सकाळी साडेसात
आजपासून ही वही. कारण नमूद करतो. काल लेकीचा फोन आला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिचं बाळंतपण, पहिलंच. सहा वर्षं झाली ती आणि जावई तिकडे परदेशात, घरात तिसरं माणूस नाही. आई हवी, म्हणाली.

आता सौ. एकटी जाणार कशी? विमानतळावरच हरवेल. म्हणजे माझं जाणं ओघाने आलंच. मला काही हौस नाही. कर्तव्य आहे.

दोघांचे व्हिसाचे अर्ज मीच भरणार, एजंट-बिजंट नाही. चौतीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. अशा माणसाच्या अर्जात त्रुटी कोण काढणार?

संकल्प : रोज दोन तास व्हिसाला द्यायचे. तिकडच्या भाषेचे रोज दहा शब्द पाठ करायचे. शेजाऱ्यांकडे सल्ला मागायचा नाही.

५ जानेवारी
दहा शब्द पाठ.

६ जानेवारी
कालच्या दहापैकी चार आठवतात. हे चार पक्के होऊ देत, मग पुढचे. पाया महत्त्वाचा.

८ जानेवारी, दुपार
नियम वाचून काढले. पाहुण्यांचा अल्पमुदतीचा व्हिसा : कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस मुक्काम. लोक उगाच बाऊ करतात. नव्वद दिवस राहायचं, शेजारच्या देशात जाऊन एक चहा प्यायचा, परत यायचं, पुन्हा नव्वद. झाले एकशे ऐंशी. सगळं नियमात बसून. इतकी सरळ वाट आजवर कोणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.

सौ.ला लाल-निळ्या पेनाने तक्ता काढून दाखवला. ती म्हणाली, नव्वद लिहिलंय तर नव्वदच असतील. तिला फाईल वाचायची सवय नाही.

१० जानेवारी
शेजारच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी जिन्यात गाठलं. हे मुलाकडे दोनदा जाऊन आलेत, तेव्हापासून प्रत्येक वाक्य 'आम्ही तिकडे होतो तेव्हा' असं सुरू होतं. आमच्या घरात त्यांना 'तिकडचे' म्हणतात. तिकडच्यांचं म्हणणं, माझा तक्ता चुकलाय. ज्या दिवशी तपासतील त्या दिवसापासून मागचे एकशे ऐंशी मोजतात, त्यात नव्वदच्या वर एक दिवस गेला की संपलं. चहा कुठेही प्या. आणि एजंट गाठा, म्हणाले.

मी 'बघू' म्हणालो. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

तक्ता फाडला नाही. माहिती अपुरी असलेली माणसंच जास्त खात्रीने बोलतात.

१७ जानेवारी
लेकीचं निमंत्रणपत्र ईमेलने आलं. व्हिसाला ते लागतंच : कोण येणार, कुणाकडे राहणार, किती दिवस. चांगलं लिहिलंय, पण त्यात नाव फक्त आईचं. पोर घाईत असणार. या दिवसांत दमायला होतं, लक्ष राहत नाही.

तिला पुन्हा कशाला त्रास? प्रिंट काढली, 'आई' या शब्दापुढे काळ्या पेनाने 'व वडील' असं घातलं, आणि बाजूला नियमाप्रमाणे आद्याक्षरी केली. दुरुस्ती आद्याक्षरीसह असली की ती खाडाखोड धरत नाहीत. हे तिकडच्यांना माहीत आहे का? नाही.

सौ.ने दुसरी प्रिंट मागितली. आठवण म्हणून ठेवायची असेल. दिली.

२२ जानेवारी
फोटो. चष्मा नको, हसू नको, कान दिसले पाहिजेत असे नियम. फोटोग्राफर तीनदा म्हणाला, काका, चेहरा जरा मोकळा सोडा. मोकळाच आहे म्हटलं. चौथ्यांदा त्याने हात टेकले आणि जो होता तो काढला.

सौ.चा पहिल्याच फटक्यात. तिच्या चेहऱ्यात काही अडचणीचं नाही.

२४ जानेवारी
भाषा : एकूण सहा शब्द. त्यातले दोन नमस्कारच आहेत, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा.

२९ जानेवारी, संध्याकाळ
सौ.च्या आग्रहाखातर कोपऱ्यावरच्या एजंटकडे गेलो. सल्ला घ्यायला नव्हे, पाहणी करायला. बारा महिने गळ्यात टाय लावून बसतो, म्हणून त्याचं नाव मी टाय ठेवलंय. टायने माझा कच्चा मसुदा चाळला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. दबला असणार.

मग म्हणाला, एवढं काही लागत नाही. आठ कागद, अर्ध्या पानाचं पत्र, आणि प्रश्नांना हो किंवा नाही.

हो किंवा नाही! असं लिहिणारा माणूस आमच्या शाखेत आठवडाभर टिकला नसता. उद्या वरच्या साहेबाने विचारलं, तुम्हीच हो म्हणाला होतात, तर? वाक्याला मागचं दार हवंच. 'आवश्यकतेनुसार', 'यथावकाश', 'परिस्थिती पाहून'. या तीन शब्दांवर मी चौतीस वर्षांत एकदाही सापडलो नाही. टायला हे समजावून सांगितलं. तो मान हलवत राहिला. बिचारा, कुणी शिकवलंच नाही त्याला.

निघताना सौ. मागे थांबली, काहीतरी विचारायचं म्हणून. मी भाजी घेऊन घरी आलो तरी ती आली नव्हती. बायकांना दुकानात उभं राहायला आवडतं.

२ फेब्रुवारी
अर्ज भरला. माझा आधी. सौ.चा नंतर भरू, नमुना तयार असला की नक्कल करणं सोपं.

उत्तरं इंग्रजीत लिहिली, पण विचार अस्सल आपलेच. शाखेचा पहिला नियम : रकाना कोरा ठेवायचा नाही. महत्त्वाचे रकाने इथे उतरवून ठेवतो, पुढे कुणाला मार्गदर्शन लागलं तर.

प्रवासाचा हेतू? कौटुंबिक, देखरेखविषयक व संकीर्ण.

तिथे काम करणार आहात का? आवश्यकतेनुसार. (जावयाचे कागद कधी एका जागी नसतात. मी गेलो की फायली लावून देणारच, मग खोटं का लिहा?)

मुदत संपण्यापूर्वी देश सोडणार का? परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घेण्यात येईल.

यापूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का? अद्याप नाही.

गुन्हे? निरंक.

दोनदा वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही.

६ फेब्रुवारी
परिशिष्टं पूर्ण. पेन्शनचा आदेश. सेवापुस्तकाचे उतारे. टायपिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र. नऊ वर्षांची वीजबिलं, म्हणजे घर इथे आहे आणि दिवे लागतात हे सिद्ध झालं. साठापडताळणी मुदतीत केल्याबद्दल साहेबांचं कौतुकाचं पत्र. शेवटी परिशिष्ट ड : वाढीव मुक्कामाचं नियोजन, तक्त्यासह. अधिकाऱ्याला कळायला हवं की माणूस विचार करून येतोय.

एकूण पानं दोनशे बारा. सगळ्यांना क्रमांक घातले, कोपऱ्यात भोक पाडलं, दोरीत ओवलं. हातात घेतल्यावर जुने दिवस आठवले. बरं वाटलं.

लेकीला घरच्या ग्रुपवर फोटो पाठवला. तिने विचारलं, हे काय आहे? जावयाने अंगठा पाठवला. जावई अबोल आहे, सगळ्याला अंगठाच पाठवतो.

११ फेब्रुवारी
व्हिसा केंद्रात अपॉइंटमेंट. सव्वादहाची होती, मी पावणेनऊला हजर. काचेमागे बाई, टोकन, थंडगार एसी, भिंतीवर 'शांतता राखा'. व्यवस्था चांगली आहे, पण आवक-जावक नोंदवही कुठे दिसली नाही.

तिथे सौ.ने पर्समधून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. आत आठ कागद आणि कोपऱ्यावरच्या टायचा स्टिकर. मला पत्ताच नाही! मी तिचा अर्ज उद्या-परवा भरणार होतो, अपॉइंटमेंट दोघांची आजची आहे हे माझ्याही लक्षात होतं, पण कामाच्या रेट्यात राहिलं. ती म्हणाली, तुम्हाला त्रास नको म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, पण नाकारला गेला तर माझ्याकडे यायचं नाही. ती हो म्हणाली.

तिला काचेमागच्या बाईने विचारलं, किती दिवस? ऐंशी-नव्वद. कशाला? मुलीचं बाळंतपण. परत कधी? तिकीट दाखवलं. बोटांचे ठसे दिले. चार मिनिटांत बाहेर. इतक्या कमी माहितीवर कोण व्हिसा देतं? 

माझं काम पाऊण तास चाललं. मी सविस्तर उत्तरं दिली. बाईने दोनशे बारातले आठ कागद काढून घेतले आणि उरलेला गठ्ठा परत सरकवला. मी तो पुन्हा आत सरकवला. असं तीनदा झालं. शेवटी परिशिष्ट ड तरी ठेवून घ्या म्हणून विनंती केली, ते तिने घेतलं. प्रत्येक कागदाची वेगळी पोच मागितली, मिळाली नाही.

माझे ठसे मशीनवर उमटेनात. पानं उलटून उलटून बोटं गुळगुळीत झालीत, हा सेवेचा पुरावाच म्हणायचा. नवव्यांदा उमटले. मागे रांगेतले लोक 'च्' करत होते. शांतता राखा ही पाटी त्यांच्यासाठीच असावी.

एकंदरीत छाप चांगली पडली.

२० फेब्रुवारी
बॅग काढून पुसून ठेवली. लोकरीची टोपी, स्वेटर. बाळासाठी काय न्यावं? सौ. म्हणते तिथे सगळं मिळतं. मी एक खुळखुळा घेतला. लाकडी आहे, आवाज जरा मोठा आहे. कस्टमला दाखवायला लागला तर पावती जपून ठेवलीय.

५ मार्च, दुपारी बारा
दोन पाकिटं आली. सौ.चं पातळ, माझं जाड.  जाड म्हणजे काम झालं.

५ मार्च, दुपारी एक
सौ.ला व्हिसा मिळाला.

माझ्या पाकिटात पासपोर्ट आणि एक छापील पत्र. त्यात ज्या चौकोनांत खुणा आहेत ते असे : भेटीचा हेतू स्पष्ट नाही. मुदतीत देश सोडण्याचा इरादा दिसत नाही. सादर केलेल्या कागदात फेरफार आढळला.

तीन त्रुटी! एवढ्या मोठ्या अर्जात तीन! मी त्यांच्या जागी असतो तर अकरा काढल्या असत्या. यावरून छाननी किती वरवरची झालीय हे कळतं.

जेवण गेलं नाही.

६ मार्च
हा नकार नाही. प्रकरण खुलाशासाठी परत आलंय, एवढंच. अपिलाची सोय आहे, मुदत पंधरा दिवस. टाय म्हणाला, अपील करू नका, नवा अर्ज करा, मी अर्ध्या तासात भरून देतो. म्हणजे चूक कबूल करायची! चौतीस वर्षांत केली नाही.

लेकीला सौ.ने कळवलं. मी म्हटलं होतं, इतक्यात सांगू नकोस.

१३ मार्च
अपील नऊ पानांचं झालं. पान चारवर आद्याक्षरीचा नियम समजावून सांगितलाय, मी अमलात आणलेल्या दोन उदाहरणांसह. पान सातवर मुदतीत परत येण्याबाबत : 'अर्जदाराचा परतण्याचा मानस आहे, तथापि कुटुंबाची निकड लक्षात घेता...' इथून पुढे वाक्य बरंच लांब गेलं, पण कुठे अडकलं नाही.

सौ. वाचून म्हणाली, यात येणार आहे की नाही तेच कळत नाही. म्हटलं, तीच तर खुबी आहे.

भाषा : आता सोडून दिलेली नाही, थांबवली आहे.

१९ मार्च, संध्याकाळी सहा
लेकीचा फोन, माझ्या फोनवर. सहसा आईच्या फोनवर करते. आवाज थकलेला होता. तब्येतीचं विचारलं, बरी आहे म्हणाली. मी अपिलाची प्रगती सांगू लागलो. पान चारपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की निमंत्रणपत्रात ते पेनाने मीच घातलं का? मी म्हटलं, तुझ्याकडून राहून गेलं होतं.

"राहून गेलं नव्हतं, बाबा. सहा वर्षांत मी तुम्हाला चारदा बोलावलं. तुम्ही एकदा तरी हो म्हणालात का?"

मी म्हटलं, नाही असंही कधी म्हणालो नाही.  ती म्हणाली, ठेवते, पाय सुजलेत.

१९ मार्च, संध्याकाळी सात
चार वेळा बोलावलं हे तपासून पाहिलं. जुने मेसेज आहेत. पहिल्या वर्षी : 'यथावकाश ठरवू.' तिसऱ्या वर्षी नव्या घरात गेले तेव्हा : 'रिटायरमेंटनंतर परिस्थिती पाहून.' रिटायर झालो त्या वर्षी : 'घर बंद ठेवणं शक्य होईल का ते बघून कळवतो.' गेल्या वर्षी : 'यथावकाश.' प्रत्येक मेसेजला उत्तर दिलेलं आहे. एकही प्रलंबित नाही.

तरी वाचून वाईट वाटलं. का ते सांगता येत नाही. पत्रात माझं नाव नव्हतं ते बरोबरच होतं म्हणायचं. पाचव्यांदा कोण विचारतं?

२९ मार्च
अपिलाचा निकाल. एक ओळ. मूळ निर्णय कायम. नऊ पानांना एक ओळ, ती पण छापील.

आता नवा अर्ज करून अपॉइंटमेंट मिळणार मे महिन्यात. बाळ काही माझ्यासाठी थांबत नाही.

तिकडचे जिन्यात भेटले. काही बोलले नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

२ एप्रिल
सौ.ला विमानतळावर पोहोचवलं. सूचनांचा कागद दिला, दोन्ही बाजूंनी भरलेला : कुठल्या रांगेत उभं राहायचं, कुणाशी बोलायचं नाही, हरवलीस तर काय. तिने घडी घालून पर्समध्ये टाकला. दारावरच्या शिपायाने मला तिकिटाशिवाय आत सोडलं नाही. तिथेही नाही.

काचेतून दिसत होती. काउंटरवर दोन शब्द बोलली, बॅग दिली, पास घेतला. पुढे एक वयस्कर बाई फॉर्म हातात घेऊन गोंधळून उभ्या होत्या, त्यांचा फॉर्म हिनेच भरून दिला. उभ्याउभ्या, दोन मिनिटांत. मग माझ्याकडे बघून हात केला आणि गेली.

खुळखुळा तिच्या बॅगेत द्यायचा राहिला. घरी आल्यावर दिसला, टेबलावरच. मीच आठवणीने वर काढून ठेवला होता.

३ एप्रिल
पोचली. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं किती दिवस राहणार, ही म्हणाली मुलगी उभी होईपर्यंत, पण नव्वदच्या आत. तो हसला म्हणे आणि शिक्का मारला. मी असतो तर त्याला नियमाची बैठक समजावली असती.

घर फार मोठं वाटतं. संकल्प : स्वयंपाक शिकणे, रोज एक पदार्थ.

४ एप्रिल
पदार्थ पहिला : भात. जमला, फक्त खालचा थर सोडून.

५ एप्रिल
कालचाच भात पक्का करायचा.

१९ एप्रिल, सकाळी पावणेदहा
मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन चार्जिंगला होता आणि मी दाढी करत होतो. चार मिस्ड कॉल, मग मेसेज, मग फोटो.

फोटो किती वेळ बघितला ते घड्याळ लावून मोजलं नाही. मिटलेले डोळे, मूठ आवळलेली, कपाळावर तीन आठ्या. आठ्या आमच्याकडच्या आहेत. रडलो. कुणी नव्हतं म्हणून नोंद करायला हरकत नाही.

लेक जन्मली तेव्हा मी ऑडिटच्या कामाने दुसऱ्या गावी होतो. बाराव्या दिवशी पाहिली. रजेचा अर्ज केला होता, पण त्यात कारण 'घरगुती' असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, घरगुती म्हणजे काय, नंतर जा. मी तरी काय आणखी लिहिणार होतो.

१९ एप्रिल, सकाळी साडेअकरा
लेकीला उत्तर पाठवायचं होतं. दीड तास लागला. शेवटी पाठवलं : 'अभिनंदन. पुढील वाटचालीस शुभेच्छा. सविस्तर यथावकाश.'

पाठवल्यावर वाचलं आणि कपाळाला हात लावला. पुसून टाकायला गेलो तर दोन्ही खुणा निळ्या झालेल्या, म्हणजे वाचलेलं. जावयाचा अंगठा.

३ मे
रविवारी व्हिडिओ कॉल. नात झोपलेली असते, नाहीतर पीत असते, नाहीतर कॅमेरा छताकडे असतो. त्यांचं छत मला आता चांगलं ओळखू येतं. डाव्या कोपऱ्यात ओल आहे, जावयाला सांगितलं. अंगठा.

२९ जून
सौ. परत आली. नव्वद दिवसांतले एकोणनव्वद वापरले, एक शिल्लक ठेवला. मी म्हटलं, एक दिवस वाया घालवलास. ती म्हणाली, विमान आजचंच होतं. वजन कमी झालंय तिचं, पण तोंडावर उजेड आहे. तिकडच्या भाषेत भाजीवाल्याशी घासाघीस करायला शिकून आली. जावई तिच्याशी भरपूर बोलतो म्हणे. काय बोलतो, विचारलं. सगळंच, म्हणाली.

नातीबद्दल तासभर सांगत होती. मी मधेच विचारलं, माझ्याबद्दल काही निघालं का? ती बॅगेतले कपडे काढत होती. म्हणाली, लेक विचारत होती, बाबांना खरंच यायचं होतं का? मग तू काय सांगितलंस? म्हणाली, मी काय सांगणार, तुम्हालाच विचार म्हटलं.

१२ ऑगस्ट
नव्या व्हिसाचा अर्ज काढून बसलो. पहिल्या पानावरचा तोच रकाना आता नव्याने भरायचा आहे : यापूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का? सकाळभर त्यावर विचार केला. 'तांत्रिक कारणास्तव अंशतः' असं सुचलं. टायला दाखवलं. त्याने टाय सैल केला.

अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
सगळं नीट लिहून ठेवतो.

लेक, जावई आणि नात डिसेंबरमध्ये येतायत. गेल्या वर्षी त्या दोघांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, नात तर जन्मानेच तिकडची. म्हणजे तिघांनाही इथे यायला पाहुण्याचा व्हिसा लागणार. जिला या घरात चालायला शिकवलं, तिला या घरात यायला व्हिसा! हे ऐकून मी ताबडतोब कपाट उघडलं. यजमानाचं निमंत्रणपत्र, राहण्याच्या जागेचा पुरावा, वीजबिलं तयारच आहेत. शिवाय इकडे मुदतही भरपूर मिळते. मागची खोली त्यांना द्यायची. पाळणा खिडकीजवळ नको, वारा येतो. तीन महिन्यांचा तक्ता दुपारी काढून भिंतीला लावला.

चारला टायचा माणूस कागद घेऊन दारात. जावयाने परस्पर त्याच्याकडेच काम दिलंय. निमंत्रणपत्र तयार होतं, चार ओळींचं. जिथे पेन्सिलने फुली आहे तिथे सही करायची. सोबत लेकीचा निरोप : बाबांना सांगा, फक्त सही, एक अक्षर घालायचं नाही. मी पेन हातात धरून चार ओळी दोनदा वाचल्या. यजमान म्हणून माझं नाव टाइप केलेलं आहे, पूर्ण. मुक्काम चौदा दिवस.

चौदा! मी लगेच लेकीला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं : जावयाला रजा तेवढीच. त्यातले नऊ दिवस त्याच्या आई-वडिलांकडे, त्यांनी अजून नातीला एकदाही हातात घेतलेलं नाही. मीही घेतलेलं नाही हे मी बोललो नाही.  मागे नात काहीतरी आवाज काढत होती, मोठ्याने, कुणाला तरी रागावल्यासारखा.

"पाच दिवस आहेत, बाबा. तुम्हाला चालतील?"

पाच म्हणजे येण्या-जाण्याचे दोन धरून, की वगळून? नऊ दिवसांचे सात करता येतील का? परतीचं तिकीट बदलण्याची तरतूद काय? हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. प्रत्येकाला योग्य शब्द माझ्याकडे होता.

"हो," म्हणालो.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत असावी. मग लेकीने विचारलं, बाबा, आहात ना लाइनवर? पुन्हा हो म्हणालो. आतून सौ. पदराला हात पुसत बाहेर आली, फोनवर कोण बोलतंय ते बघायला.